जुन्या धाटणीचा पायपिंगचा लग्नाचा केक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या फोनवर कृष्णधवल फोटो यायला लागतात. कुणाच्या आजी-आजोबांचं लग्न, टेबलावर तीन मजली पांढरा केक, त्याला आयसिंगची तोरणं, जाळी, टोकाला घंटा. खाली एवढंच लिहिलेलं: "ताई, अस्साच हवा." निम्मे फोटो गिऱ्हाइकांचे असतात. उरलेले घरी केक करणाऱ्या मुलींचे, ज्यांनी ऑर्डर आधी घेतलेली असते आणि फोटो नीट नंतर पाहिलेला असतो. मी गोव्यात, फोंड्याला घरूनच केकचं काम करते. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली.

1. सध्या दिसतो तो "व्हिंटेज केक" आणि आजीच्या फोटोतला केक एकच ना?

एकाच घराण्यातले, पण एक नाहीत. हल्ली सगळीकडे दिसणारा पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, गुलाबी झालरींचा केक बहुतेक वेळा बटरक्रीमचा असतो. त्याला लॅम्बेथ पद्धत म्हणतात. जोसेफ लॅम्बेथ या इंग्रज कारागिराच्या नावावरून ते नाव पडलं आणि 1930 च्या दशकात ती पद्धत गाजली. तिची खूण म्हणजे पायपिंगवर (कोनातून आयसिंग दाबून काढलेल्या नक्षीवर) पुन्हा पायपिंग, थरावर थर. आजीच्या फोटोतला केक मात्र रॉयल आयसिंगचा असतो: अंड्याचा पांढरा बलक आणि साखर, वाळल्यावर खडीसाखरेसारखं टणक. 1840 साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नातला केक सुमारे 300 पौंडांचा होता. असा भारदस्त पांढरा केक तेव्हापासून इंग्रजी लग्नांत मिरवत आला. गोव्यात राज्य पोर्तुगीजांचं, मग केक इंग्रजी कसा, असं एकीने विचारलं होतं. माझा आपला तर्क असा की मुंबईत, आफ्रिकेत आणि बोटींवर नोकरीला गेलेल्या गोंयकारांनी ती हौस घरी आणली.

2. रॉयल आयसिंगच वापरायला हवं का? व्हिप क्रीमवर भागणार नाही?

शेल बॉर्डर (शिंपल्यांच्या रांगेसारखी किनार) आणि मोठी फुलं व्हिप क्रीममध्येही होतात. दोऱ्यासारखी बारीक तोरणं आणि जाळी होत नाहीत, त्या पदार्थात तेवढी ताकदच नसते. बटरक्रीममध्ये तोरणं जमतात, पण लोणी 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात मांडवात तेवढं तापमान असतंच. गिऱ्हाइकाला मऊच आयसिंग हवं असेल तर मी झालरी आणि शेल बटरक्रीमचे करते आणि तोरणं सरळ वगळते. तसं आधी सांगून टाकते. अर्धवट ओघळलेल्या तोरणापेक्षा न काढलेलं तोरण चांगलं दिसतं.

3. रॉयल आयसिंगचं प्रमाण काय?

तीन अंड्यांचा पांढरा बलक म्हणजे साधारण 100 ग्रॅम. त्याला 500 ते 600 ग्रॅम आयसिंग शुगर आणि एक लहान चमचा लिंबाचा रस. साखर मलमलच्या फडक्यातून चाळा, साध्या चाळणीने भागत नाही. एक गुठळी राहिली तरी 1 नंबरचं नोझल (कोनाच्या टोकाची बारीक तोटी) तुंबतं, आणि ते नेमकं अकराव्या तोरणाला तुंबतं. मिक्सरवर घरी दळलेली पिठीसाखर या कामाला पुरेशी बारीक नसते.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या आणि आतून लिंबाची फोड फिरवून पुसून काढा. तेलाचा अंश राहिला तर बलक फुलत नाही. बीटर मंद वेगावरच चालवा. जोरात फेटलं की हवा शिरते, आयसिंग मेरिंग्यूसारखं फुगतं आणि दोरा काढताना बुडबुड्यापाशी तुटतो. भरायच्या आधी थोडं थोडं आयसिंग फरशीवर पॅलेट नाइफने रगडून घ्या, बुडबुडे फुटतात. भांड्यावर कायम ओलं फडकं.

दाटपणा कामाप्रमाणे बदलतो. गुलाबाला टोक ताठ उभं राहील इतकं घट्ट, शेलला टोक किंचित वाकेल असं, दोऱ्याला त्याहून सैल. कच्च्या अंड्याची धास्ती वाटत असेल तर पाश्चराइज केलेली अंड्याच्या पांढऱ्या बलकाची पावडर किंवा मेरिंग्यू पावडर घ्या. लग्नाच्या ऑर्डरला मी पावडरच वापरते. वृद्ध माणसं आणि लहान मुलं जेवायला असतात.

4. आमच्याकडे अंडं चालत नाही. मग हा केक विसरायचा का?

विसरू नका. अंड्याविना रॉयल आयसिंगची तयार मिश्रणं बाजारात मिळतात आणि चांगली चालतात. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याविना रॉयल आयसिंगमध्येच मिलानच्या कॅथेड्रलची शंभर किलोंची प्रतिकृती केली, तेव्हा तीन मजली केकची चिंता करायचं कारण नाही. काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून बलकाऐवजी वापरतात, तेही जमतं. पण माझ्या हातून त्याचं आयसिंग वाळायला जास्त वेळ लागतो आणि दमट हवेत लवकर नरम पडतं. बॉर्डरला चालेल, तोरणांना तयार मिश्रण घ्या.

5. मी मेंदी छान काढते. पायपिंग लवकर जमेल का?

कोन धरायला आणि दाब सारखा ठेवायला जमेल. तेवढ्याने निम्मं काम झालं. पण मेंदीची एक सवय सोडावी लागेल. मेंदीत कोनाचं टोक हाताला जवळजवळ टेकलेलं असतं. इथे दोरा हवेत सोडायचा असतो, टोक फक्त सुरुवातीला आणि शेवटी टेकतं.

सराव करायला केक नको. स्टीलचं ताट पालथं घाला आणि त्यावर शेल काढा. भिंतीवरच्या कामासाठी तांदळाचा डबा टर्नटेबलवर (केक फिरवायच्या चकतीवर) ठेवा. झालं की आयसिंग खरवडून परत भांड्यात. ताट आधी व्हिनेगरने पुसा, तुपाचा हात लागलेल्या ताटावरचं आयसिंग सैल पडतं. आठ दिवस रोज अर्धा तास केलंत की डब्यावरची शेल एकसारखी येऊ लागतात. घाई करणाऱ्या मुलींची पहिली पाच सुरेख असतात आणि पुढची आपोआप मोठी होत जातात. त्याकडे लक्ष ठेवा.

6. फोटोवरून मापं कशी काढायची?

पट्टी घेऊन फोटोतल्या प्रत्येक मजल्याची रुंदी मोजा आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण काढा. खालचा 12 सेंटिमीटर, मधला 9, वरचा 6 आला तर तुमचा खालचा मजला 12 इंच, मधला 9, वरचा 6. उंचीही तशीच काढा. जुने मजले बरेचदा आजच्यापेक्षा बुटके असतात. आजची उंच घडण ठेवून जुनी नक्षी घातली की काहीतरी चुकल्यासारखं दिसतं आणि का ते कळत नाही.

तोरणं मोजताना समोर दिसतात तेवढी मोजा आणि दुप्पट करा. कडेची चिकटून गेलेली दिसतात, तीही धरा. मग घेर काढा: व्यास गुणिले 3.14. दहा इंची मजल्याचा घेर 31.4 इंच, बारा तोरणं असतील तर एकेक सुमारे 2.6 इंचांचं. आठ इंचीला दहा घातली तर अडीच इंच, सहा इंचीला आठ घातली तर 2.35. मजला लहान होतो तसं तोरणही किंचित लहान व्हावं.

खुणा करायला कागदाची पट्टी केकभोवती गुंडाळून नेमकी कापा, तेवढ्या घड्या घाला, पुन्हा गुंडाळा आणि घडीपाशी टाचणीने टोचा. टाचण्या मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा. हे मी दर वेळी सांगते आणि सांगत राहणार.

7. कुठल्या नक्षीला कुठलं नोझल?

दोरे आणि जाळीला 1, 2, 3 नंबरची गोल. शेलला 18 किंवा 21, तळाच्या जाड शेलला 32. गुलाब आणि झालरीला 104, लहान फुलांना 101 ते 103. पानाला 352. टोपलीची वीण असेल तर 47. हे अमेरिकन नंबर आहेत आणि आपल्याकडे बहुतेक दुकानांत तेच चालतात, पण कंपनी बदलली की तोंडाचा आकार थोडा बदलतो. तेव्हा नंबरावर जाऊ नका, ताटावर काढून फोटोशेजारी धरा. स्वस्त सेटमध्ये 1 नंबरच्या नोझलचं तोंड कधी कधी तिरकं असतं, त्यातून दोरा कायम एकाच बाजूला वळतो. मी दोन दिवस स्वतःच्या हाताला दोष दिला होता.

8. तोरण दर वेळी तुटतं. काय चुकतं?

बहुतेकींचं चुकतं ते हे, की त्या तोरण केकवर "काढतात". तोरण काढायचं नसतं, लोंबू द्यायचं असतं. पहिल्या खुणेला टोक टेकवा, दाब द्या, दोरा चिकटला की हात आपल्याकडे ओढून केकपासून चांगला लांब आणा. दाब तसाच ठेवा. दोरा स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि गोलाई आपोआप येते. हवा तेवढा लांब झाला की दुसऱ्या खुणेला नेऊन टेकवा, दाब सोडा, मग टोक उचला. हात खाली-वर फिरवून गोलाई द्यायला गेलात की ती वेडीवाकडी होते.

केक डोळ्यांच्या रेषेत हवा. मी टर्नटेबल पाटावर आणि पाट ओट्यावर ठेवते. पंखा बंद, नाहीतर दोरा भिंतीला लागायच्या आधीच वाळून मोडतो. दोरा ताणून तुटत असेल तर आयसिंग घट्ट आहे, थेंबभर पाणी घाला. लोंबताना जाड होऊन गळत असेल तर सैल आहे. अगदी बारीक दोऱ्यांसाठी मी अर्धा किलो आयसिंगला पाव चमचा लिक्विड ग्लुकोज घालते, त्याने चिवटपणा येतो.

दोन-तीन पदरी तोरण असेल तर सगळ्यात खोल पदर आधी, आखूड नंतर. फोटोत तोरणं एकमेकांत अडकलेली दिसत असतील तर प्रत्येक तोरण आधीच्याच्या मध्यापासून सुरू केलेलं असतं. वाकडं आलेलं तोरण ओलं असेपर्यंतच टाचणीने अलगद उचला. वाळल्यावर काढायला गेलात तर भिंतीचा टवका निघतो.

9. फोटोत नक्षी भिंतीपासून उठलेली दिसते. तो उठाव कसा आणायचा?

तीन, दोन, एक. आधी 3 नंबरने रेघ, ती वाळली की तिच्याच डोक्यावर 2 नंबरने, मग 1 नंबरने. वळणदार वेलींनाही तेच: खाली जाड दोरीसारखी वेल, वर बारीक. यात कौशल्याहून थांबायला जास्त लागतं. खालची रेघ ओली असताना दुसरी घातली तर दोन्ही मिळून एक जाड, बेढब रेघ होते. किती थांबायचं ते हवेवर आहे, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

10. पावसाळ्यात काहीच वाळत नाही. जुलैतली ऑर्डर घ्यावी का?

कोरड्या गावांतले व्हिडिओ पाहून "रात्रभर वाळू द्या" वर विसंबू नका. साखर हवेतलं पाणी ओढून घेते आणि जुलैत आपल्याकडे हवा पाण्यानेच भरलेली असते. माझ्या पहिल्या पावसाळी ऑर्डरला मी गुलाब दोन दिवस आधी करून जाळीच्या झाकणाखाली ठेवले होते. सकाळी बोट लावलं तर पाकळी पेढ्यासारखी दबली. साठ गुलाब. त्या रात्री ते सगळे पुन्हा केले.

आता बंद खोलीत एसी ड्राय मोडवर ठेवते, दार सारखं उघडू देत नाही. सुटी फुलं ओव्हनमध्ये, ओव्हन बंद आणि आतला फक्त दिवा चालू. तेवढी ऊब पुरते. घरात फळं सुकवायचं डिहायड्रेटर असेल तर सगळ्यात कमी तापमानावर फुलं छान वाळतात. वाळलेली फुलं हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, फुलांना न लागतील अशा कागदात गुंडाळून. डिसेंबरात दोन तासांत वाळणाऱ्या रेघेला जुलैत मी अर्धा दिवस धरते, आणि वीज जाण्याचा एक दिवस वेगळा. तेवढे दिवस हाताशी असतील तर ऑर्डर घ्या. मांडव उघडा असेल तर घेऊ नका.

11. तयार केक फ्रिजमध्ये ठेवू का?

नको. बाहेर काढला की त्याला घाम सुटतो, दोरे विरघळतात, रंग पसरतात.

12. आत कुठला केक चालतो?

सगळ्यात सोयीचा म्हणजे मुरवलेला फ्रूट केक. तो आठवडाभर बाहेर टिकतो, त्यामुळे पायपिंगला वेळ मिळतो. त्यावर गाळलेला फिकट जॅम गरम करून लावा आणि मग मार्झिपानचा (बदाम आणि साखरेच्या गोळ्याचा) थर. गोव्यात मार्झिपान काजूचं करतात. बदामाहून ते मऊ असतं, म्हणून एक दिवसाऐवजी दोन दिवस सुकू द्या. हा थर टाळला तर केकचं तेल आणि फळांचा रंग वर येऊन आयसिंगवर पिवळे डाग उठतात. त्यावर रॉयल आयसिंगचे तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळवून. या लेपात अर्ध्या किलोला एक चमचा ग्लिसरीन घाला म्हणजे सुरी चालेल. तोरणांच्या आयसिंगमध्ये ग्लिसरीन अजिबात नको, ते वाळतच नाही.

रवा-नारळाचा बात्क कुणी मागितला तर मी तो वेगळ्या ताटात द्यायला सुचवते. ओलं खोबरं आत आणि आठवडाभराचं काम बाहेर, हे जमायचं नाही. स्पंज हवाच असेल तर वर फाँडंट (लाटून लावायचा साखरेचा थर) लावून त्यावर पायपिंग करा. बटरक्रीमवर थेट रॉयल आयसिंगची तोरणं घालू नका. लोण्याचं तेल आयसिंग ओढून घेतं आणि तोरणं रात्रीत घसरतात. मी करून पाहिलंय.

13. कृष्णधवल फोटोतला रंग कसा ओळखायचा?

ओळखता येत नाही. करडी छटा गुलाबीही असू शकते आणि निळीही. घरातल्या थोरल्यांना विचारा. काळा ठिपका आणि त्यात चमकणारा बिंदू दिसला तर ती बहुधा चांदीची साखरगोळी. आयसिंग पिवळसर येत असेल तर जांभळ्या रंगाचा सुईच्या टोकाएवढा अंश घाला, पांढरं शुभ्र दिसतं. जास्त झाला तर राखाडी.

14. खांबांवर उभे मजले कोसळणार नाहीत ना?

वजन आयसिंगवर कधीच ठेवायचं नसतं, ते डॉवेलवर (केकमध्ये आधाराला रोवलेल्या काड्यांवर) असतं. प्रत्येक मजला स्वतःच्या बोर्डावर, त्याखालच्या मजल्यात चार-पाच डॉवेल नेमके आयसिंगच्या पातळीला कापलेले, खांब त्यांच्या डोक्यावर. एक डॉवेल दोन मिलिमीटर उंच राहिला तरी वरचा मजला कलतो आणि फोटोत तोच दिसतो. सगळे एकदम शेजारी धरून कापा.

15. सगळे मजले खरे करायला हवेत का?

मुळीच नाही. थर्माकोलच्या मजल्यांवर रॉयल आयसिंग उत्तम बसतं, आणि ते दोन आठवडे आधी करून ठेवता येतात. कापायला एक मजला खरा, पाहुण्यांसाठी साधा चौकोनी केक आत स्वयंपाकघरात. फसवणूक वाटत असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा. कापायची जागा रिबनने खूण करून ठेवा. एका नवऱ्या मुलाने जोर लावून थर्माकोल कापायला घेतला होता.

16. केक पोचवताना काय काळजी घ्यायची?

मजले वेगळे न्या आणि तिथे रचा. गाडीत मांडीवर नाही, सपाट डिकीत, खाली रबरी जाळीची चटई. चोडण किंवा दिवाडीला जायचं असेल तर फेरीबोटीला वेळ धरा. बोटीपेक्षा तिच्या उतारावर चढता-उतरताना बसणारा धक्का वाईट, ड्रायव्हरला तिथे पायी चालल्यासारखी गाडी घ्यायला सांगा.

सोबत त्याच घाण्याचं आयसिंग बॅगेत भरून, 1 आणि 2 नंबरची नोझल, बारीक ब्रश, टाचणी आणि दहा-बारा जादा फुलं. तुटलेल्या तोरणाचे तुकडे जोडत बसू नका. ते टाचणीने पूर्ण काढा, टोकं ओल्या ब्रशने पुसा आणि नवीन घाला. जागा खराब झाली असेल तर तिथे फूल. (बऱ्याच जुन्या फोटोंतही एखादं फूल विनाकारण एका बाजूला दिसतं. का ते आता मला कळतं.)

17. आजीच्या केकवरची मूळ घंटा घरात आहे. ती वर लावता येईल?

लावा, पण केकला टेकू देऊ नका. जुने खांब आणि घंटा प्लास्टरच्या असत, फुलं कधी मेणकागदाची, आणि त्यांवरचा रंग कसला ते सांगता येत नाही. खाली छोटा गोल बोर्ड ठेवा, त्याची कड शेलने झाका. धुऊ नका, प्लास्टर पाण्याने खराब होतं. कोरड्या ब्रशने झाडा.

18. फोटोत स्पष्ट चूक दिसते. तीही उतरवायची?

गिऱ्हाइकाला विचारा. मी गृहीत धरून एकदा तेराव्या तोरणाची गर्दी सुधारली आणि बारा सारखी घातली, तर मुलीने पहिलं तेच मोजलं. तेव्हापासून फोटो मोठा करून छापते, शंका येते तिथे लाल पेनाने गोल करते आणि "हे असंच?" म्हणून सही घेते.

19. फोटोच नाही, फक्त आजीला आठवतं. मग?

मग ताट घेऊन आजीकडे जा. मी म्हापशाच्या एका घरी पालथ्या ताटावर आठ प्रकारच्या बॉर्डर काढून नेल्या होत्या. आजींनी चष्मा लावला, तिसऱ्या शेलवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हें, पूण बारीक." मी बॅगेतून 16 नंबर काढून तिथेच चार शेल घातली. त्यांनी एक उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, लिंबू जास्त होतं तेव्हा.